आई, पुढं काय?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या आईनं ते लिहिलंय. त्या बी.कॉम. आहेत आणि पतसंस्थेत नोकरी करतात. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. धाकटी पाच वर्षांची. घरी नवरा आणि सासूबाई. मुलाचा मोबाईल सुटावा म्हणून उन्हाळ्यात त्यांनी १,८०० रुपयांचा 'शंभर प्रयोगांचा' संच मागवला. पहिल्या दिवशी सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी झाला, पोरगं नाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाला. तिसऱ्या दिवशी फेस ओसरत असताना त्यानं विचारलं, "आई, पुढं काय?" नंतर चार-पाच प्रयोग झाले, त्यातले दोन फसले. "तुला येतच नाही," म्हणून तो रुसला आणि खोका कपाटावर गेला. सासूबाईंचं म्हणणं, "ह्यो कट्टा हाय का प्रयोगशाळा?" शेजारच्या मुलाला रोबोटिक्सचा क्लास लावलाय, आणि आपल्या मुलाला सहावीत होमी भाभा विज्ञान स्पर्धेला बसवायचं या ताईंच्या मनात आहे. त्या विचारतात, "मी सायन्सची नाही. दुसरा चांगला संच कुठला घेऊ? की सरळ क्लास लावू? माझ्यामुळं त्याची आवड मरेल अशी भीती वाटते."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. "आई, पुढं काय?" तुम्ही त्याचा अर्थ 'कंटाळला' असा लावलात आणि पुस्तिकेतलं पुढचं पान उघडलंत. मला वाटतं, तुमच्या घरातला पहिला खरा प्रयोग नेमका त्या मिनिटाला सुरू होत होता. आता काय होणार हे त्याला पाठ झालं होतं. काहीतरी बदलून बघायचं होतं, पण काय बदलायचं हे त्याला सुचत नव्हतं. संचात तर 'प्रयोग क्रमांक २' तयारच होता, आणि त्याचा या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. शंभर प्रयोगांच्या खोक्यात हीच मेख असते. शंभर वेळा सुरुवात होते आणि एकदाही पुढं जाणं होत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते: दुसरा संच घेऊ नका. त्या सोड्याकडंच परत जा.

चार सारख्या बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत अर्धी वाटी व्हिनेगर ओता. चार फुग्यांत अनुक्रमे पाव, अर्धा, एक आणि दोन चमचे खायचा सोडा भरा. फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवा, पण सोडा पाडण्याआधी त्याला वहीत लिहायला सांगा: दोन चमच्यांचा फुगा केवढा होईल? चौथीतलं पोरगं 'पाव चमच्याच्या आठपट' असं छातीठोक लिहील. तसं होणार नाही. सुरुवातीला फुगे वाढत जातील आणि मग एका टप्प्यावर अडतील. का अडले? लगेच सांगू नका. शेवटच्या बाटलीत आणखी थोडं व्हिनेगर ओतून बघू दे, परत फसफसेल. सोडा शिल्लक होता, संपलं होतं ते व्हिनेगर. खात्यात शिल्लक नसली की चेक कितीही फाडा, उपयोग नाही, हे पतसंस्थेत बसणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. रसायनशास्त्रात याला मोठं नाव आहे. ते तो अकरावीत शिकेल.

इथं फक्त एक पथ्य पाळायचं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोडा बदलला तर व्हिनेगर तेवढंच ठेवायचं. पुढच्या वेळी व्हिनेगरऐवजी लिंबू, मग चिंचेचं पाणी. पोरं हे पथ्य हटकून मोडतात, सगळं एकदम ओततात. ओतू दे एकदा. मग विचारा, "आता फुगा मोठा झाला तो कशामुळं, सांग." सांगता येत नाही हे कळलं की पथ्य आपसूक पाळतात.

आता 'मी सायन्सची नाही' याबद्दल. मी सायन्सची आहे. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्यातली एक गोष्ट आजही टोचते. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग होता. आमच्याकडं बहुतेक मुलं 'निरीक्षण' आणि 'अनुमान' गाईडमधून आधीच उतरवून आणायची, प्रयोग नंतर व्हायचा, कधी व्हायचाही नाही. एका मुलीनं मात्र तापमापी खरोखर वाचली आणि ९८ अंश लिहिले. मी लाल शाईनं ते खोडून १०० केलं, वर 'नीट बघ' असा शेरा मारला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी अंशाला उकळतं. साधारण तीनशे मीटरला एक अंश या हिशेबानं आपल्याकडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पोरीनं कोल्हापूरचं पाणी मोजलं होतं, मी तिच्या वहीत मुंबईचं लिहिलं. उत्तर आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून असा घोळ होतो. तुम्हाला उत्तर ठाऊक नाही, तेव्हा तुमच्या हातून तो होणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी "तुला येतच नाही" असं म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. "व्हय, नाही येत. कुठं चुकलं बघूया," म्हणा आणि त्याच्या शेजारी बसा. फसलेले ते दोन प्रयोग कुठले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण फसलेला प्रयोग दुसऱ्यांदा करताना मुलं जेवढं निरखून बघतात तेवढं जमलेला प्रयोग करताना कधी बघत नाहीत, हे मी खात्रीनं सांगते.

आणि उत्तर लटकत राहिलं तर राहू दे. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ ला आपल्या याच कोल्हापुरात जन्मले, वाढले बनारसला. तिथं त्यांच्या घरी राहायला आलेले मोरूमामा भिंतीवरच्या फळ्यावर त्यांच्यासाठी गणिताचं कोडं लिहून ठेवायचे. भाच्याला ते सुटेपर्यंत, नाहीतर तो हार मानेपर्यंत, कोडं फळ्यावरून हलायचं नाही. मला यात कोड्यापेक्षा तो न पुसलेला फळा महत्त्वाचा वाटतो. येता-जाता नजरेला पडणारा प्रश्न! तुमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद लावा आणि त्यावर एका वेळी एकच प्रश्न ठेवा. मोबाईलवर उत्तर बघायला बंदी घालू नका, ती टिकणार नाही. पण बघण्याआधी घरातल्या प्रत्येकानं आपला अंदाज खाली लिहायचा, एवढा नियम करा. धाकटीनंसुद्धा. तिला लिहिता येत नसेल तर चित्र काढेल.

सासूबाईंनीसुद्धा. ताई, त्यांची तक्रार मला रास्त वाटते. दमून कामावरून आल्यावर कट्ट्यावरचा राडा कुणाला हवा असतो? सगळा खेळ परातीत करायचा आणि परात पोरानं स्वतः घासायची, हे आधीच ठरवा. पण त्याहून मोठी चूक वेगळीच झालीय. घरात चाळीस-एक वर्षं प्रयोग केलेलं एक माणूस आहे आणि तुम्ही त्यांना प्रेक्षकांत बसवलंय.

त्यांना विरजणाचं विचारा. एकाच पातेल्यातल्या कोमट दुधाच्या तीन वाट्या भरा आणि प्रत्येकीत एक-एक चमचा विरजण घाला. एक कट्ट्यावर, एक फ्रिजमध्ये, एक जाड टॉवेलात गुंडाळून. चौथ्या वाटीत नुकतंच उकळलेलं दूध, त्यातही तेवढंच विरजण. रात्री सगळ्यांचे अंदाज लिहून घ्या. सासूबाई हसतील, कारण त्यांना ठाऊक आहे. पण 'कोमट म्हणजे किती?' हे नातवाला त्यांच्याकडून शिकू दे. दुधात बोट घालून सोसवतं का बघायचं, ही त्यांची तापमापी. ते तापमान साधारण ४० ते ४५ अंशांच्या घरात असतं आणि विरजणातल्या जिवाणूंना नेमकं तेच मानवतं. सकाळी फ्रिजमधली वाटी आणि उकळत्या दुधाची वाटी, दोन्ही न लागलेल्या दिसतील. इथं थांबू नका. दोन्ही वाट्या दिवसभर कट्ट्यावर ठेवा. फ्रिजमधली लागायला लागेल, दुसरी बहुधा नाहीच. थंडीत जिवाणू नुसते सुस्तावले होते, उकळत्या दुधात मेले. सकाळी दोन्ही वाट्या अगदी सारख्या दिसत होत्या, हे पोराच्या लक्षात आणून द्या. आजीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'असं का होतं' म्हणून विचारलं, तर कट्टा मोकळा मिळायलाही मदत होईल.

रविवारच्या रश्श्यातही एक प्रयोग दडलाय. शर्टावर सांडलेल्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हे काम हळदीचं. साध्या कागदावर हळदीची पातळ पेस्ट फासून वाळवा आणि पट्ट्या कापा. साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, लिंबू, ताक, नळाचं पाणी, सगळ्यांचा एक-एक थेंब टाकून बघा. साबण आणि धुण्याचा सोडा पट्टी लाल करतील. जुन्या पद्धतीच्या कुंकवात हळदीला चुन्याची जोड देतात ती याचसाठी. पण लिंबानं पट्टी पिवळीच राहते आणि पाण्यानंही पिवळीच. मग या पट्टीनं लिंबू आणि पाणी वेगळं ओळखायचं कसं? हा प्रश्न फ्रिजवर लावा आणि चार दिवस गप्प बसा. साबणानं लाल केलेल्या पट्टीवर लिंबू टाकून बघायचं पोराला सुचलं तर त्या दिवशी घरात गोडधोड करा. नाही सुचलं तर दारातलं लाल जास्वंदीचं फूल गरम पाण्यात घालून ठेवा. ते पाणी लिंबानं गुलाबी होतं आणि साबणानं हिरवट. हळदीला जे दिसत नाही ते जास्वंदीला दिसतं. आणि तो डागाळलेला शर्ट? अर्ध्या डागावर पुठ्ठा टाचून दोन-तीन दिवस उन्हात वाळत घाला. काय झालं ते मला नंतर कळवा.

दिवाळी तोंडावर आहे, म्हणजे किल्ला होणारच. किल्ल्यावर मोहरी किंवा अळीव पेरलात की एका कोपऱ्यावर डबा पालथा घाला. डब्याखालची रोपं कशी निघतील? अंधारात खुरटतील असंच सगळे म्हणतील. पाच-सहा दिवसांनी डबा उचला. आतली रोपं बाहेरच्यांपेक्षा लांब निघालेली असतात. पिवळट, लुकडी, पण लांब. उजेड शोधायला सगळी ताकद उंचीत घातलेली. एवढंच सांगते, बाकीचं किल्ल्यावर मावळे ठेवता ठेवता त्यालाच बोलू दे.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या प्रयोगाकडं येते. यात सोडा नाही, फेस नाही, खर्चही नाही, आणि तो कोल्हापूरकरांच्या अगदी जवळचा आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पायांपासून वर चढत मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत जातात. हाच सोहळा पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला होतो. लहानपणापासून आपण या दोन तारखा ऐकत आलोय. दोनच वेळा का, आणि नेमक्या याच का, असं कुणी विचारत नाही. मीही चाळिशी उलटल्यावर विचारलं.

तुमच्या घरात पश्चिमेकडं उघडणारी खिडकी असेल तर मावळतीचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडतो. सूर्य बुडताना तो नाहीसा होण्याआधी शेवटी जिथं दिसतो, तिथं पेन्सिलनं बारीक खूण करा आणि तारीख घाला. आठवड्यातून एकदा पुरे, आभाळ आलं तर दुसऱ्या दिवशी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खुणा भिंतीवर एका बाजूला सरकत जातील, कारण सूर्य रोज थोडा अधिक दक्षिणेला मावळतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास त्या रेंगाळतील आणि मग आल्या वाटेनं परत फिरतील. पोरानं १० नोव्हेंबरला केलेल्या खुणेवर कवडसा पुन्हा कधी येईल, हा अंदाज त्याच्याकडून डिसेंबरातच लिहून घ्या. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस होतात. तिथून तेवढेच दिवस पुढं मोजले की येतो ३१ जानेवारी. देवळाच्या दोन तारखा तुमच्या भिंतीवर निघाल्या! हा हिशेब आधी सांगून टाकायचा नाही, एवढं पाळा. मला सांगताना राहवलं नाही, तुम्ही धीर धरा.

भिंत खराब होते म्हणून कुणी कुरकुर केली तर कागद चिकटवा. आणि सूर्याकडं थेट बघायचं नाही, मावळतीच्यासुद्धा. भिंतीकडंच बघायचं.

गच्ची असेल तर एक सरळ काठी उभी रोवा आणि सुट्टीच्या दिवशी तिची सर्वांत आखूड सावली कधी पडते ते टिपा. बाराला पडेल असं सगळेच म्हणतात. कोल्हापुरात ती सरासरी साडेबाराच्या सुमारास पडते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आसपास, फेब्रुवारीत पावणेएकच्या आसपास. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण राहतो ७४ अंशांच्या थोडं पुढं. एक अंश पश्चिमेला सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात. पाढे येणाऱ्या मुलाला एवढं गणित जमतं. नोव्हेंबर-फेब्रुवारीतला फरक मोठेपणी शिकेल. ६ मेच्या आसपास भर दुपारी ती सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते आणि नंतर ऑगस्टपर्यंत दक्षिणेला पडते. ऑगस्टातला शून्य सावलीचा दिवस आपल्याकडं पावसात वाहून जातो, तेव्हा मे चुकवू नका.

क्लासचं म्हणाल तर मी क्लासच्या विरोधात नाही. मुलाला मोटारी, चाकं, वायरी यांचा नाद असेल तर लावा, पण आधी एक दिवस जाऊन बसा. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं सामान असतं की सर करतात आणि मुलं बघतात? जोडलेली वस्तू उलटीपालटी जोडून बघायला मुभा आहे का? की तासाभरात सगळ्यांचे एकसारखे रोबो निघतात आणि आई-बापांसाठी फोटो काढले जातात? तसं असेल तर तो संचच आहे, फक्त महाग. होमी भाभा स्पर्धेला अजून दोन वर्षं आहेत. तिच्या पुढच्या फेऱ्यांत प्रात्यक्षिक असतं, स्वतःचा प्रकल्पही असतो. भिंतीवर तारखा लिहिणाऱ्या पोराला त्याची धास्ती वाटणार नाही. पण त्यासाठी म्हणून हे करू नका. स्पर्धेचं नाव निघालं की मुलांची वही नीटनेटकी होते आणि आकडे खोटे.

आणखी काही हवं असेल तर अरविंद गुप्तांची कबाडातली खेळणी बघा. कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या या माणसानं काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवण्यात हयात घालवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे, पुष्कळसं मराठीतही.

काही गोष्टी मात्र घरात अजिबात नकोत. संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो. भिंतीतल्या प्लगला हात नाही. दिवा लावायचा तर टॉर्चच्या सेलवर. खायचा चुना दिसायला साधा, पण डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, तेव्हा हळदीच्या प्रयोगात साबणावरच भागवा. व्हिडिओत भसाभस फेस उसळताना दिसतो त्यात तीव्र रसायनं असतात, ते बघण्यापुरतंच. ज्योत असेल तिथं तुम्ही शेजारी हव्यातच.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. तुम्हाला नोकरी आहे, घर आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि फ्रिजवर एक प्रश्न, एवढं झालं तरी पुष्कळ. मध्ये महिनाभर काहीच झालं नाही तरी बिघडत नाही. भिंतीवरच्या खुणा वाट बघतात.

कपाटावरचा तो खोका मात्र खाली काढा. आतली भिंगं, लोहचुंबक, वायरी एका डब्यात घाला, मागेल तेव्हा हाताशी असू द्या. पुस्तिका रद्दीत. रिकामा खोका आतून काळा रंगवा. एका बाजूला टाचणीनं बारीक भोक पाडा, समोरची बाजू कापून तिथं तेल लावलेला कागद ताणून चिकटवा. भरदुपारी खिडकीत उभं राहून डोक्यावर घोंगडं घ्यायचं आणि खोक्याचं भोक रस्त्याकडं धरायचं. कागदावर तुमची गल्ली दिसेल, रिक्षा, माणसं, समोरच्यांची गॅलरी, सगळं खाली डोकं वर पाय. आधी सासूबाईंना दाखवा.